बासर येथील एक ओसरी

निजामाबादहून नांदेडकडे जाणारी गाडी गोदावरीचा पूल ओलांडते आणि बासर येते. पूर्वीच्या आदिलाबाद व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यातील हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र. मुलांच्या अक्षरारंभासाठी आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे येथे येतात. नातवाने पाटीवर पहिले अक्षर गिरविल्यावर आम्ही गावात हिंडलो, तेव्हा मातीच्या भिंतींचे, लाकडी खांबांच्या ओसरीचे एक जुने घर दिसले. ते लवकरच पाडणार, असे घरमालकांनी सांगितले. भर दुपारीच आम्ही घाईघाईने छायाचित्रे घेतली.

मुक्कामी ती आत्याबाईंपुढे ठेवली. चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "भिंत पडायला आली आहे का रे?"

भिंत सरळच होती. सबंध घर मावावे म्हणून आम्ही जवळूनच कॅमेरा वर उचलला होता. त्यामुळे उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींजवळ आल्या होत्या. माथ्यावरच्या उन्हाने ओसरीत काळोख दाटला होता.

"आणि दार कुठे आहे? या घरात शिरायचे कोठून?"

वरचे छप्पर साधण्याच्या नादात आम्ही खालचा उंबराच कापला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. तिरप्या कोवळ्या उन्हात भिंतीवरचा हाताने सारवल्याचा खडबडीतपणा स्पष्ट दिसत होता. रस्त्यापलीकडे सरकून आम्ही कॅमेरा सरळ धरला. विजेच्या तारा चित्रात आल्या, येऊ दिल्या. घरमालकांच्या मातोश्री ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. त्यांच्या अनुमतीने त्यांनाही चित्रात घेतले. त्यांच्यामुळेच खांबांची उंची ध्यानी आली.

राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातील राजवाडे आणि वास्तू टिपल्या. खेड्यातल्या साध्या घरांना असा छायाचित्रकार क्वचितच लाभतो. ते काम आपल्यासारख्या हौशी मंडळींनाच करावे लागेल. आत्याबाईंचा प्रश्न मात्र विसरू नये : या चित्रातून घरात शिरता येते काय?

पुढील वसंतपंचमीस गेलो, तो त्या जागी विटांचा ढीग होता. चित्राची प्रत आम्ही मातोश्रींच्या हाती दिली. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांचे बोट उंबऱ्यावर टेकले आणि बराच वेळ तेथेच राहिले.