सामाईक श्वास

गो खेळताना सोंगटी घरात ठेवत नाहीत, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवतात. चंदीगडमध्ये हे चटकन पटतं. इथे वाट सांगायची ती चौक मोजूनच. सोंगटीला लागून असलेल्या मोकळ्या छेदांना इंग्रजीत ‘लिबर्टी’ म्हणतात, चिनीत ‘ची’, म्हणजे श्वास. मला खेळ शिकवणारे शेजारचे निवृत्त सरदारजी त्याला ‘साह’ म्हणतात. “पहिलां साह गिण लओ,” हे त्यांचं पालुपद.

दोन गट एकमेकांना वेढून बसले आणि कुणालाच स्वतंत्रपणे जगता येत नसलं, की शर्यत लागते. ज्याचे श्वास आधी संपतील तो मेला. तिथे एक शहाणपण पाळायचं असतं: समोरच्याचे बाहेरचे श्वास आधी बुजवायचे, दोघांचे सामाईक शेवटी. सामाईक श्वास बुजवला की आपलाही एक कमी होतो.

गेल्या दिवाळीत साताऱ्याचं घर विकण्यावरून दादाशी फोनवर भांडण झालं. त्याच्या चुका काढायला बाहेर पुष्कळ जागा होती. मी सुरुवातच आईच्या शेवटच्या महिन्यांपासून केली. तो गप्प झाला. मग लक्षात आलं, मलाही पुढे बोलता येत नव्हतं.

‘को’मध्ये दोघं एकमेकांची एकेक सोंगटी आळीपाळीने मारत राहू शकतात, अंतच नाही. म्हणून नियम असा, की लगेच उलट मारायची नाही. आधी पटावर दुसरीकडे खेळायचं, आणि तेही असं की समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटेल. त्याने दिलं, की परतायला आपण मोकळे. को ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचा एक अर्थ हिसकावून घेणं. बौद्ध ग्रंथांच्या अनुवादकांनी त्याच अक्षरात आपला ‘कल्प’ बसवला. भावंडांच्या भांडणाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

तीन आठवड्यांनी दादाने घराचे कागद पाठवले, सोबत एक शब्द नाही. माझं उत्तर तयार होतं. लिहिलं, पुसलं. त्याऐवजी विचारलं, “दादा, वहिनीचा गुडघा कसा आहे?” चौकशी खरी होती, पण ती खेळीही होती, हे कबूल करते.

“बरा आहे. जिना चढते आता,” त्याचं उत्तर आलं.

आता नियमाने मला घराच्या विषयाकडे परतता येतं. अजून परतले नाही.