गोळी बंद केल्यानंतर

गुरुग्राममध्ये केस गळू लागले की सगळे टँकरच्या जड पाण्याला दोष देतात. माझं टक्कल मात्र आनुवंशिक. बाबांकडे आणि काकांकडे पाहिलं की कळायचं. घरात माझ्यासाठी मुली बघणं सुरू होतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रोज १ मिलीग्रॅम फिनास्टराइड लिहून दिलं. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डीएचटी केसांची मुळं बारीक करत नेतं. ही गोळी रक्तातलं डीएचटी सुमारे दोन तृतीयांशांनी खाली आणते. केस गळायचे खरंच थांबले.

लग्नानंतर काही महिन्यांत इच्छाच ओसरली. ताठरता येईना, आली तर टिकेना. स्पर्श कळायचा, त्यातलं सुख नाही. गोळी बंद केली. वर्ष उलटलं, तरी फरक पडला नाही. बायकोला वाटू लागलं, आपण याला आवडत नाही. एका रात्री तीच म्हणाली, "जे काय आहे ते सांग, आपण दोघं जाऊ डॉक्टरकडे." तेव्हापासून ती प्रत्येक वेळी सोबत आली.

टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, शुगर नॉर्मल. रिपोर्ट चाळून एक डॉक्टर म्हणाले, "सब दिमाग में है, टेन्शन मत लो." त्या वाक्याचा मला आजही राग येतो. गोळी थांबवल्यावरही ताठरतेची तक्रार राहिल्याची नोंद अमेरिकेतल्या माहितीपत्रकात २०११ पासून आहे. २०१२ मध्ये कामेच्छा, वीर्यस्खलन आणि कामतृप्तीच्या तक्रारींची भर पडली. आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या नियामकाने २०२५ मध्ये मान्य केलं. बहुतेक पुरुषांना काही होत नाही, हे खरं. चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांत दिसल्या, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २.१ टक्क्यांत. पण छापलेली गोष्ट रुग्णाला तोंडाने सांगायला एक मिनिट पुरतं, आणि ते सांगणं डॉक्टरांचं कामच आहे.

पुढे दिल्लीत एका मूत्ररोगतज्ज्ञांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं. थोडा फरक आहे, पूर्ण नाही.

औषधांच्या दुष्परिणामांची देशभरची नोंद गाझियाबादच्या भारतीय भेषज संहिता आयोगात होते. रुग्णालाही थेट कळवता येतं; टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. असा त्रास होत असेल तर लाज बाजूला ठेवून कळवा, आणि मन खचत असेल तर त्याआधी घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जा.