कच्चें लिंबू

परभणी जिल्ह्यांतील चुडावा हें पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचें लहानसें स्टेशन. गाडी पूर्णेकडे चालली कीं नांदेडकडे, हें आमचा पुतण्या नुसत्या आवाजावरून सांगतो. तो जन्मांध आहे. या गुणाचें घरांत मोठें कौतुक. पण अंगणांत मुलें खेळूं लागलीं कीं त्याला ओसरीवर बसवून शेंगांची वाटी हातीं देण्यांत येई. देणारा बहुधा मीच! सारी हयात शिक्षकी केलेल्या माणसाला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, याची आज लाज वाटते.

क्वचित् त्याला खेळांत घेत, तें कच्चें लिंबू म्हणून. एके दिवशीं त्यानें विचारलें, "काका, मी बाद कधीं होणार?"

त्या प्रश्नानें माझी झोंप उडविली. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविणारे आपल्या सांगली जिल्ह्यांतले मुरलीकांत पेटकर माझ्या आवडीचा विषय. १९६५ च्या युद्धांत जबर जखमी होऊन त्यांना अपंगत्व आलें, हें मीं वर्गांत रंगवून सांगत असें. मुलें टाळ्या वाजवीत. परंतु टाळ्या वाजविणारा मुलगा शेजारच्या अंध मुलाला खेळायला बोलावतोच असें नाहीं.

मग गोलबॉल या खेळाची माहिती मिळविली. दुसऱ्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं तो १९४६ सालीं निघाला. मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद, दर बाजूस तीन गडी, सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी आणि चेंडूंत घंटा. रेषेखालीं दोरी असते, म्हणजे ती हातापायांना लागते. चेंडू चालू असतां प्रेक्षकांनीं तोंडें मिटून बसावयाचें; आपल्याकडे हाच नियम सर्वांत अवघड!

मीं जुना रबरी चेंडू चिरून आंत घुंगरें घातलीं आणि सायकलवाल्याकडून ठिगळ लावून घेतलें. गांवांतल्या एका गुरुजींनीं खेळाचा तास दिला. २०१६ च्या कायद्यानें शाळांवर अशा मुलांना इतरांच्या बरोबरीनें खेळूं देण्याचें बंधन आहे. पण गुरुजींना कायदा सांगावा लागला नाहीं.

पहिल्या दिवशीं मुलांना पट्ट्या बांधून नुसतें चालविलें. ती माझी चूक. मुलें हळहळलीं आणि पुतण्याचा हात अधिकच घट्ट धरूं लागलीं. त्याला तें मुळींच रुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सुतळी अंथरून खेळच मांडला. चेंडू सुटला कीं पुतण्या आधींच आडवा पडलेला असे. बाकीचीं मुलें वाऱ्याशीं झोंबत! आठवड्याभरांत "तो आमच्याकडे" म्हणून भांडणें सुरू झालीं. दया कुठें गेली कोण जाणे.

आमच्याकडे चेंडू ज्याच्याजवळून निसटेल तो बाद. शनिवारीं चेंडू पुतण्याच्या कोपराखालून गेला आणि एक मुलगी ओरडली, "बाद! हो बाहेर!" हा उसळून म्हणाला, "कुणीतरी मध्येंच बोललें, म्हणून गेला!" चांगली पांच मिनिटें हुज्जत चालली. मीं मध्यें पडलों नाहीं. शेवटीं तो पाय आपटीत बाहेर आला.

घरीं आमच्या मातोश्रींनीं त्याच्या फुटलेल्या गुडघ्याला हळद लावतां लावतां मला यथेच्छ बोल लाविले. तो मात्र त्यांना पुनःपुन्हां सांगत होता, "आजी, तें बाद नव्हतंच मुळीं! सोमवारीं बघतो एकेकाला."