माळावरची जीप

इंदापूर तालुक्यातील कळस हे आमचे गाव. बारामती आणि इंदापूर ही दोन नावे एका श्वासात घेतली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऊस, कालवे आणि साखर कारखान्यांची धुराडी उभी राहतात. नीरा डाव्या कालव्याच्या भिजत्या पट्ट्यात ते चित्र खरेही आहे. कळस मात्र त्या चित्राच्या कडेला पडते. हा पर्जन्यछायेचा मुलूख. शेजारच्या कडबनवाडीकडे पसरत गेलेला गवताळ माळ, त्यात चिंकारा, लांडगा आणि खोकड, मधूनच मुरमाड टेकाडे आणि वर्षाचा बहुतेक काळ कोरडे पडलेले ओढे. पावसाच्या मोजक्या दिवसांत मात्र हेच ओढे वाट अडवून बसतात. आणि जिथे काळी जमीन आहे तिथे बैलाचा पायसुद्धा चिखलातून निघता निघत नाही. अशा गावात जीपगाडी म्हणजे काय, हे डांबरी रस्त्यावर वाढलेल्या वाचकांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जीपचा जन्म युद्धासाठी झाला. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या लष्कराने १३५ कारखानदारांना विचारणा केली. हलकी, बुटकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी त्यांना हवी होती, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. ही मुदत पाळण्याचे धाडस पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने केले. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. परंतु युद्धाची भूक एवढ्याशा कारखान्याकडून भागणारी नाही, असे ठरवून लष्कराने तेच आराखडे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनाही दिले. युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. बँटमच्या वाट्याला पुढे गाड्यांमागे ओढायचे ट्रेलर तेवढे आले. ज्याने वाट पाडली त्याचे नाव आज थोड्यांनाच ठाऊक आहे.

आपल्याकडे ही गाडी आली तीही एका ताटातुटीच्या काळात. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी लुधियाना येथे महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. विलीज कंपनीकडून सुट्या भागांत आलेल्या जीपगाड्या मुंबईत जोडण्याचे काम सुरू झाले. पुढे उंच बोनेटचे सीजे-थ्री-बी हे मॉडेल आपल्या देशाने असे काही आपलेसे केले, की अमेरिकेत १९६८ साली त्याचे उत्पादन थांबल्यावरही आपल्याकडे ते अनेक वर्षे निघत राहिले. मोटारींच्या या इतिहासाशी आमच्या तालुक्याचा एक धागा आहेच. ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. मात्र त्या कंपनीच्या मोटारी शहराच्या झाल्या. खेड्याच्या वाट्याला आली ती जीप.

तीही प्रथम आली साहेबाची म्हणून. पंचायत समितीची जीप, तहसीलदारांची जीप, पाटबंधारे खात्याची जीप. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना लांबून धुळीचा लोट दिसला की हजेरी घ्यायला कोणी आले हे कळायचे. आणीबाणीत नसबंदीच्या सक्तीच्या दिवसांत जीपचा आवाज ऐकून माणसे ज्वारीत दडून बसत, असे वडीलधारी सांगत. आपल्या दारात जीप उभी राहील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आमच्या अण्णांनी ती उभी केली १९८९ साली. एका सरकारी खात्याने लिलावात काढलेली ही जीप १९८२ सालची होती, म्हणजे माझ्याच वयाची. पत्रा ठिकठिकाणी गंजलेला, हूडची ताडपत्री फाटलेली, पेट्रोल इंजिन लिटरला सात-आठ किलोमीटरच्या पुढे जायला तयार नाही. तीन वर्षे अण्णांनी ते पेट्रोल पुरवले. मग बारामतीच्या एका मिस्त्रींकडून तिला ट्रॅक्टरच्या घाटाचे डिझेल इंजिन बसवून घेतले व आर.सी. बुकात तशी नोंद केली. त्यानंतर ती लिटरला बारा किलोमीटर जाऊ लागली. पण आवाज असा, की माळाच्या पलीकडच्या वस्तीवरही अण्णा निघाल्याचे कळावे.

चार चाकांची करामत मला अण्णांनीच समजावून दिली. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. त्यांतले एक चिखलात अडकले की वाटणी करणारा गिअर सगळी गती त्या निसटत्या चाकालाच देतो; ते गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्तब्ध उभे राहते. जीपमध्ये फ्रंट गिअर टाकला की पुढची दोन चाकेही ओढू लागतात. त्याच्या जोडीचा लो गिअर चाकांचा वेग कमी करून जोर वाढवतो. “चिखलात घाई करणारा रुततो,” हे त्यांचे वाक्य शाळेतल्या कोणत्याही सुविचारापेक्षा मला अधिक लक्षात राहिले आहे.

ओढा ओलांडण्याची त्यांची रीत ठरलेली होती. गाडी काठावर थांबवायची. हातात काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरायचे, तळ मुरमाचा आहे की गाळाचा ते पाहायचे. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचे. खाली असेल तर पंख्याचा पट्टा सैल करायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. मग लो गिअरमध्ये, एका लयीत, मध्ये गिअर न बदलता पलीकडे जायचे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे शिंतोड्यांनी ते पेट्रोल इंजिनासारखे चटकन बंद पडत नाही. एवढी काळजी घेतली की काम होते, असे ते म्हणत.

हे काम कसले, ते सांगायला हवे. शेतात खत नेणे, बाजाराला माल नेणे ही कामे होतीच. पण रात्री-अपरात्री आमच्या दाराची कडी वाजे ती निराळ्या कामासाठी. कोणी बाळंतीण अडलेली असे, कोणाला पान लागलेले असे, कोणाच्या छातीत कळ आलेली असे. वाड्यावस्त्यांवरून बारामतीच्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचे दुसरे साधन रात्री नव्हते. अण्णा उशाची किल्ली घेऊन निघत. वडापच्या जीपा तेव्हा तालुक्यात धावू लागल्या होत्या. आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीच्या ट्रॅक्सनेही पुढे त्यांत भर घातली. जिथे एस.टी. पोहोचत नव्हती तिथे वडाप पोहोचले, हे नाकारता येणार नाही. “तुम्हीही वडाप करा, डिझेल तरी सुटेल,” असे अण्णांना अनेकांनी सुचविले. “पासिंग खाजगी आहे,” एवढेच उत्तर ते देत.

आईला हे पटत नव्हते. तिचे एक वाक्य घरात वारंवार ऐकू येई, “गाडी गावाची आणि खर्च घराचा.” ते खोटे नव्हते. १९९५ साली मागचा क्राउन-पिनियन तुटला आणि पाटेही गेले. त्या दुरुस्तीत दादाच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे संपले, त्याचे एक वर्ष वाया गेले. दादा काही बोलला नाही. आई बोलली. अण्णा खाली मान घालून जेवत राहिले. दुसऱ्याच्या घरातले संकट निवारताना आपल्या घरातल्या मुलाचे वर्ष जाते, तेव्हा ते औदार्य कोणाच्या खर्चाने झाले, हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही.

१९९६ च्या सप्टेंबरातील रात्र मी विसरू शकत नाही. मी चौदा वर्षांची होते आणि बॅटरी धरायला अण्णांनी मला सोबत घेतले होते. वस्तीवरच्या एका मुलाला पान लागले होते. तो माझ्यापेक्षा लहान होता. आईवडील, चुलते, सारे मिळून मागे पाच माणसे होती. ओढ्यावर आलो तेव्हा पाणी अण्णांच्या मांडीला लागत होते आणि पाण्याला ओढ होती. मुलाचे वडील म्हणाले, “घाला अण्णा, होईल ते होईल.” अण्णा पुन्हा पाण्यात उतरले, पुन्हा वर आले. त्यांनी नाही म्हटले. लांबची वाट धरावी तर तिकडेही ओढाच होता. दोन तास आम्ही काठावर थांबलो. पाणी उतरल्यावर गाडी विनासायास पलीकडे गेली. बारामतीला पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

त्या रात्रीविषयी अण्णा कधीही बोलले नाहीत. मुलाच्या वडिलांनी त्यांना दोष दिला नाही. पुढल्या वर्षी आमची जीप गाळात रुतली तेव्हा खांदा द्यायला तेच आधी धावून आले. पण गाडीत सात जीव होते, हे गणित ज्याला करावे लागले त्याचे समाधान दुसऱ्याच्या क्षमेने होत नाही. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या रात्रीनंतर “खर्च घराचा” हे वाक्य आईच्या तोंडून कधी निघाले नाही.

२०११ साली अण्णा गेले. त्यांच्या ट्रंकेत एक लांबट वही सापडली. रकाने आखलेले होते: तारीख, वस्ती, कारण, डिझेल, जमा. “बाळंतीण”, “विंचू”, “ताप”, “मयत आणली” अशी कारणे ओळीने लिहिलेली. जमेचा रकाना पानामागून पाने कोरा. क्वचित “बाजरी दोन पायल्या”, एके ठिकाणी “कोंबडा, परत दिला.” १९९६ च्या त्या तारखेपुढे लिहिले होते, “पान लागले. ओढा. दोन तास.” पुढचे दोन्ही रकाने मोकळे होते. डिझेलचासुद्धा.

आज आमच्या ओढ्यावर पूल आहे. २०१४ सालापासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि रात्रीची कडी वाजणे थांबले. कोणी मला विचारतात, जीपचे दिवस संपले याचे वाईट वाटते का? मुळीच नाही. जिच्यासाठी अण्णा झोप मोडून उठले ती गरजच संपावी, हीच तर त्यांची इच्छा असणार. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांसाठी पाण्याचे बॅरल आणि चारा वाहण्याचे मोठे काम तिने अखेरचे केले. आता ती शेतावर लहानसहान ओझी वाहते.

दरम्यान जीपचा वंश फोफावला आहे. २०१० साली थार आली, २०२० च्या २ ऑक्टोबरला तिचा नवा अवतार आला. नाशिकच्या कारखान्यात ती तयार होते आणि डाळिंबाचे पैसे आले की आमच्याकडच्या तरुणांच्या डोळ्यांपुढे प्रथम तीच येते. २०२३ पासून तर फ्रंट गिअर नसलेली, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळू लागली. हौसेला मोल नसते, आणि तरुणाने कष्टाच्या पैशांतून हवी ती गाडी घ्यावी. माझा भाचाही त्याच स्वप्नात आहे. मला चिंता वाटते ती माळाची. पाऊस पडला की गाड्यांचे ताफे गवतात शिरतात, लांडग्याच्या छायाचित्रासाठी त्याच्या मागे धावतात. ज्या गवतात टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, त्याला हे लोक मोकळी जागा समजतात. ओल्या माळावर चाक एकदा रुतले की तिथे घळ पडते, पुढच्या पावसात पाणी त्याच घळीतून माती वाहून नेते. आता वन विभागाने कडबनवाडीत ठरलेल्या वाटेनेच सफारी सुरू केली आहे, हे चांगले झाले.

अण्णांचा नियम याहून जुना होता. माळावर गाडी घातली की बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी सोडायची नाही. आपल्या भाषेत चाकोरी या शब्दाला कमीपणा आला आहे; चाकोरीबाहेर जाणाऱ्याचे आपण कौतुक करतो. परंतु कुठेही जाऊ शकणारी गाडी ज्याच्या हाती आहे, त्यानेच चाकोरी अधिक सांभाळावी लागते, हे मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शिकले. ओढ्याच्या काठावर थांबणे हेही त्याच शिस्तीतले होते. त्या शिस्तीची किंमत त्यांनी आयुष्यभर मनात भरली.

२०२२ साली जीपच्या नोंदणीचे नूतनीकरण आले. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. शिवाय पर्यावरण कर, ब्रेकचे काम, नवे टायर. दादा व्यवहाराचे बोलला. पुण्याचा एक शौकीन चांगली किंमत देत होता. मलाही त्यात गैर दिसत नव्हते. आम्ही दोघे हिशेब मांडून बसलो असता आई आतून आली. तिने लुगड्याच्या ओच्यातून रुमालाची गाठ काढली, शंभराच्या नोटा मोजून दादाच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, “हा खर्च घराचाच आहे.”

नोंदणी पाच वर्षांसाठी झाली. २०२७ साली पुन्हा हाच प्रश्न येईल, तेव्हा काय करायचे ते आम्ही अजून ठरवलेले नाही. वहीची मात्र आम्ही नवी पाने आखली आहेत. पहिली नोंद आईने सांगितली आणि मी लिहिली: “ब्रेक, टायर, पासिंग.” जमेच्या रकान्यात तिने काहीच लिहू दिले नाही.