जेवढे जमा, तेवढे नावे

आमच्या बेल्ह्याला सोमवारी बैलबाजार भरतो. माणसं बैलाचे दात बघतात, खूर बघतात, चाल बघतात आणि बैल घेऊन घरी गेल्यावर बायकोची बोलणी खातात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, बँकेतला कारकून. बैलातलं मला ओ की ठो कळत नाही. पण गेल्या पावसाळ्यात आठ पायांचं एक जनावर निवडण्याची वेळ माझ्यावर आली. त्याचं नाव ऑप-अँप.

त्याचं असं झालं. १९९४ साली मामांनी आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. आता आई नाही, कॅसेट आहे. अण्णांना ती ओसरीवर बसून ऐकायची असते. टेपडेक माजघरात. आवाजाचं बटण हाती लागलं की अण्णा ते पार टोकाला नेतात, म्हणून तेही मी माजघरातच बसवलं आणि तिथून ओसरीवरच्या अँप्लिफायरपर्यंत दहा मीटर शील्डेड वायर ओढली. अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "आवाज तिचाच आहे रे. पण बांगड्या कुठं गेल्या?"

खरंच, जात्याबरोबर किणकिणणाऱ्या बांगड्या गायब होत्या! एक लाख ओहमच्या बटणातून करंट येतो जेमतेम, आणि तेवढी वायर म्हणजे हजारेक पिकोफॅरडचा कपॅसिटर. बारीक, उंच सूर वाटेतच खर्ची पडत होते. उपाय एकच, बटण आणि वायर यांच्यामध्ये बफर. ऑप-अँपचं आउटपुट त्याच्याच उलट्या इनपुटला जोडायचं. जेवढे जमा, तेवढेच नावे. वर एक पैसा नाही. मात्र घेताना हा जवळजवळ काही मागत नाही आणि देताना हात आखडत नाही. काउंटरवर बसून मीही वीस वर्षं हेच करतो. फक्त माझ्याबद्दल तक्रारी येतात.

पुण्याला तपकीर गल्लीत दुकानदाराने तीन नग पुढे ठेवले. पहिला ७४१, १९६८ पासून राबतोय, आता त्याला गोठ्यात बसू द्यावं. दुसरा एनई ५५३२. खरखर अगदी कमी, ६०० ओहमचं ओझंही सहज ओढतो. पण इनपुटला थोडा करंट खातो, आणि तो बटणातून वाहिला की बटण फिरवताना कुरकुरतं. तिसरा टीएल ०७२. इनपुटला जेफेट, त्यामुळे खाणं नगण्य. खरखर थोडी जास्त, पण कॅसेटची खरखर तिच्या कितीतरी पट. मी घुटमळलो.

"साहेब, त्याला काम काय सांगणार?" दुकानदार म्हणाला.

आमचे शेजारी बैल घेताना हेच विचारतात. मी निमूट टीएल ०७२ घेतला.

घरी जोडला तर आवाज फाटला. "अहो," ही म्हणाली, "सासूबाई माझ्यावरसुद्धा इतक्या कधी चिडल्या नव्हत्या!" लांब वायर थेट आउटपुटला बांधली की ऑप-अँप उधळतो, हे मला रात्री कळलं. शंभर ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून त्याला वेसण घातली.

सकाळी कॅसेट लावली. अण्णांनी चहाची बशी तशीच हातात धरली. ओवी संपल्यावर म्हणाले, "सोमवारच्या बाजारातल्या आहेत. मी घेतल्या तेव्हा तिला महाग वाटल्या होत्या."