हवेचं माप

जुन्या गाडीचा हौशी मालक कार्बोरेटर बदलायचा म्हणून येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘काका, या इंजिनाला मोठ्यात मोठा कुठला बसेल?’ मी उलट त्यालाच विचारत बसतो. गाडी रोज काढतोस की रविवारची? गावात किती चालते, हायवेला किती? मे महिन्यात दुपारी काढतोस का? काहींना वाटतं मी विषय टाळतोय. पण कार्बोरेटरची निवड इथूनच सुरू होते. इंजिन कागदावर किती मोठं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ते जगतं कसं, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या हवेत, हे फक्त मालकच सांगू शकतो.

माझं गॅरेज भोपाळच्या उत्तरेला, करोंदमध्ये बैरसिया रोडला लागून आहे. जवळच कृषी उपज मंडी. गहू आणि सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते, त्यात मेट्रोच्या कामाची भर, म्हणजे धुळीला तोटा नाही. मोठ्या इंजिनाची अमेरिकन मसल कार या रस्त्याला येत नाही. येते ती कॉन्टेसा, आणि आपल्याकडे मसल कारचं कौतुक जिच्या वाट्याला आलं ती हीच गाडी. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ मध्ये व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्स मालिकेवरून ती उत्तरपाड्याला बनवायला घेतली. लांब बॉनेट, रुंद बसकण, मागच्या चाकांना ताकद. सुरुवातीच्या गाड्यांत ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, आणि त्या अंगाला ते पुरत नव्हतं. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, गाडी ‘क्लासिक’ झाली आणि तिला खरा जोर मिळाला. ही इसुझू इंजिनं आमच्याच राज्यात, पीथमपूरला बनत. म्हणून कॉन्टेसाचं बॉनेट उघडताना मला ती परक्या मुलखातली वाटत नाही.

आता हिशेब. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. १८१७ सीसी म्हणजे एका फेरीला सुमारे ०.९ लिटर. मिनिटाला ५००० फेऱ्या धरल्या तर ४५०० लिटर. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत. अशा इंजिनाला ८० टक्के धरले तरी पुष्कळ. राहिले ३६०० लिटर. अमेरिकन कार्बोरेटरवर जे घनफुटांचं माप छापतात, त्यात ते १३०च्या आतबाहेर बसतं. हा झाला इंजिनाचा कमाल श्वास. करोंद चौराह्यावरून शहरात जाणारी कॉन्टेसा बहुतेक वेळ २००० ते ३००० फेऱ्यांवर, अर्धवट दाबलेल्या रेसवर चालते. म्हणजे ज्या हवेवर गाडी दिवसभर चालायची आहे, ती या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

मोठा कार्बोरेटर इथेच फसवतो. कार्बोरेटरच्या मुख्य जेटला पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. चुलीपाशी बसून फुंकणी वापरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: तेवढाच श्वास बारीक नळीतून गेला की निखारा पेटतो, उघड्या तोंडानं फुंकला तर राख उडते. गळा गरजेपेक्षा रुंद ठेवला की कमी फेऱ्यांवर हवा रेंगाळते, पेट्रोलचे थेंब जाड पडतात, रेस दिली की गाडी आधी गचका खाते आणि मग उचलते. मालक म्हणतो, ‘वरती भारी ओढते.’ ओढत असेलही. पण वरती जाण्याचा प्रसंग या शहरात किती वेळा येतो?

ज्या देशातून मसल कारचं वेड आलं तिथेही हीच गल्लत होते. शेवरलेचं ३५० घनइंची व्ही-एट म्हणजे ५.७ लिटर. ५५०० फेऱ्या आणि ८५ टक्के भरण धरली तर त्याला मिनिटाला सुमारे ४७० घनफूट हवा लागते. ६०० घनफुटी कार्बोरेटरनं त्याचं छान भागतं, तरी हौसेनं ७५०चा बसवणारे पुष्कळ. त्यांच्या डोळ्यांसमोर १९७० च्या शेव्हेल एसएसची सर्वांत तगडी आवृत्ती असते, जिच्यावर ७८० घनफुटांचा होली कार्बोरेटर होता. पण ते इंजिन ४५४ घनइंची होतं, जवळजवळ साडेसात लिटर. त्यात मापाचीही एक गोम आहे. चार तोंडांचा कार्बोरेटर दीड इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात आणि दोन तोंडांचा तीन इंचांवर. त्यामुळे दोघांवर ३०० लिहिलेलं असलं तरी ते ३०० सारखे नसतात. दोन तोंडांच्या आकड्याला १.४ नं भागलं की तुलना जमते. आकडा वाचण्याआधी तो कसा मोजला हे माहीत हवं.

त्या काळच्या चांगल्या अमेरिकन कारागिरीत मला शिकण्यासारखं सापडतं ते निराळंच. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओला दोन तोंडांचे तीन कार्बोरेटर मिळत असत, पण रोजच्या चालीला त्यातला फक्त मधला काम करी. कडेचे दोन कार्बोरेटर पाय खोलवर दाबला की उघडत. जनरल मोटर्सच्या रॉचेस्टर क्वाड्राजेटमध्ये पुढची दोन तोंडं अरुंद आणि मागची दोन ऐसपैस होती. पुढच्यांवर गाडी काटकसरीनं चाले, मागची गरज पडली तरच जागी होत. एवढी मोठी इंजिनं बनवणाऱ्यांनीही रोजच्या वापरासाठी लहान दार राखून ठेवलं होतं.

कॉन्टेसासाठी मी याच वाटेनं जातो. गाडीचा मूळ कार्बोरेटर दोन तोंडांचा, पायरीपायरीनं उघडणारा आहे. त्याचं अंग शाबूत असेल तर मी तोच दुरुस्त करतो. अंग गेलेलं असेल तर वेबर ३२/३६. त्याचं पहिलं बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, ३२ मिलिमीटरचं, दुसरं ३६ चं, आत गळे २६ आणि २७ चे. पहिल्या तोंडावर गाव सहज फिरून होतं, दुसरं विदिशा रोडला ट्रक ओलांडताना कामाला येतं. भंगारातल्या जिप्सीचा कार्बोरेटर बसवणारेही आहेत. गावात तो बरा चालतो, पण तो लहान इंजिनाच्या मापाचा, त्यामुळे वरच्या फेऱ्यांना कॉन्टेसाचा श्वास कोंडतो.

मागे एक मुलगा आडव्या बसणाऱ्या, ४० मिलिमीटरच्या कार्बोरेटरची जोडी घेऊन आला होता. चकचकीत, तोंडं उघडी, फिल्टर नाहीच.

‘काका, आवाज तरी ऐका एकदा. अंगावर काटा येतो.’

‘ऐकलाय रे. ट्रॅकवर शर्यतीला नेणार असशील तर आत्ता बसवतो. मंडीच्या दारातून रोज जाणार असशील, तर ही धूळ थेट सिलिंडरात जाईल. वर्ष-दोन वर्षांत रिंगा जातील.’

त्यानं माझ्याबरोबर चक्कर मारायचं कबूल केलं. आधी मूळ कार्बोरेटर नीट लावून दिला. करोंदहून लालघाटी, तिथून व्हीआयपी रोडनं मोठ्या तलावाच्या कडेनं, मग श्यामला हिल्सची चढण. चढणीवर तिसऱ्या गिअरमध्येच राहायला सांगितलं आणि रेस हळूहळू दाबायला लावली. गाडी न अडखळता वर गेली. चाचणीचा माझा रस्ता हाच आहे: यात सपाटी आहे, सिग्नल आहेत, चढ आहे. या तिन्हींत जो कार्बोरेटर सारखा वागतो तो बरोबर. जोडी त्यानं घरी ठेवली आहे. ठेवू दे, वस्तू देखणी आहे.

कुठलाही कार्बोरेटर हाती आला, नवा असो की कबाडखान्यातून आणलेला, की मी आधी बटरफ्लाय बंद करून तो आभाळाकडे धरतो. कडेनं उजेडाची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसली तर ठीक. एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला नाहीशी असेल तर बटरफ्लायची दांडी बहुधा झिजलेली आहे. मग दांडीचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवतो. हाताला खेळ जाणवला म्हणजे तिथून चोरटी हवा आत येणार, आणि ती हवा कुठल्याच जेटच्या हिशेबात नसते. इंजिनाचा स्लो, म्हणजे रेस न देताचा वेग, कधी चढतो, कधी उतरतो, आणि मालक स्क्रू फिरवून फिरवून थकतो. अशा वेळी लेथवर भोक मोठं करून पितळी बुश बसवावे लागतात. शेवटी बूड काचेच्या तुकड्यावर ठेवून चारही कोपरे दाबतो. टकटक वाजलं तर ते वाकलेलं आहे. मापानं अचूक पण झिजलेल्या कार्बोरेटरपेक्षा मापाला जरा उणा पण घट्ट कार्बोरेटर मी कधीही पसंत करीन.

त्याच्याही आधी इंजिनाची तपासणी. व्हॅक्यूम गेज लावतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर १८ ते २१ इंच पारा दाखवतं, आणि हजार फूट उंचीमागे एकेक इंच उतरतो. भोपाळ सुमारे ५०० मीटरवर आहे, म्हणजे इथे दीड-पावणेदोन इंच कमी धरायचे. मुंबईच्या पुस्तकातला आकडा इथे मिळाला नाही म्हणून चांगल्या इंजिनाचं हेड उतरवलेलं मी पाहिलं आहे. सुई थरथरत असेल तर मात्र दोष बहुधा व्हॉल्व्हकडे किंवा इग्निशनकडे असतो, आणि नवा कार्बोरेटर त्याला औषध नाही.

उंचीचा परिणाम हवा-पेट्रोलच्या मिश्रणावरही होतो. इथली हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे ५ टक्के विरळ. कार्बोरेटरमध्ये मिश्रण त्याच्या निम्म्यानं, म्हणजे अडीचेक टक्क्यांनी रिच होतं, त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. ऋतूंचा फरक याहून मोठा. डिसेंबरच्या सकाळी १० अंश आणि मेच्या दुपारी ४४, एवढ्या फरकानं हवा दहा टक्क्यांच्या वर विरळ होते आणि मिश्रण पाचेक टक्के सरकतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि या मिसळीला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर हे पेट्रोल आठेक टक्के लीन, म्हणजे हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर, चालतं. वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १४० च्या जागी १४५ घातला की भोकाचं क्षेत्रफळ ७ टक्के वाढतं. भोपाळची उंची काही भाग आधीच भरून काढते, म्हणून मी एकदम उडी मारत नाही. एक पायरी चढतो, गाडी चालवतो, प्लग काढून बघतो. चिनीमातीवर फिकट बदामी रंग हवा. पांढराफटक म्हणजे लीन, काळी काजळी म्हणजे रिच. जुने डायफ्राम आणि रबरी पाइप या पेट्रोलनं फुगतात किंवा चिरतात, तेही त्याच बैठकीत बदलतो.

उन्हाळ्याची वेगळी तयारी लागते. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. भर दुपारी गाडी चालवून दहा मिनिटं उभी केली की इंजिनाची धग वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं, आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते. म्हणून कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड तुकडा घालतो आणि टाकीकडे परत जाणारी नळी असलेलीच रचना पसंत करतो.

जेट निवडताना मी डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवतो. थंड, दाट हवेत मिश्रण सर्वांत लीन असतं, आणि लीन इंजिन तापून व्हॉल्व्ह जाळतं. म्हणून पुष्कळ मिस्त्री म्हणतात, थोडं रिच राहू द्या, इंजिन वाचेल. मला हे अर्धंच पटतं. युनियन कार्बाइडचा बंद कारखाना इथून जवळच, दक्षिणेला आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून सुटलेल्या वायूनं ज्यांची छाती कायमची अधू केली, त्यांच्यासाठी उभारलेलं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल करोंदमध्येच आहे. माझ्या गिऱ्हाइकांच्या घरांत, शेजारात दम लागणारी माणसं आहेत. रिच इंजिनाचा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल. २००० पूर्वीच्या मोटारीला स्लोवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. तेवढी मुभा आहे म्हणून तेवढा धूर सोडायचा, हे मला मान्य नाही. इंजिन वाचेल एवढं पेट्रोल द्यायचं आणि त्याहून थेंबभर जास्त नाही, यासाठीच पुन्हा पुन्हा प्लग बघायचे असतात. जुनी गाडी जपण्याचा हक्क आपण सांगतो, तेव्हा तिच्या धुराची जबाबदारीही आपलीच.

म्हणून आता कुणी आलं की माझा क्रम सांगून टाकतो. आधी टॅपेट, इग्निशन आणि गेजवरची सुई. मग मूळ कार्बोरेटर जिवंत आहे का ते. नसेल तर मापाचा दुसरा, चांगल्या फिल्टरसकट. मग इथल्या उंचीचे, इथल्या पेट्रोलचे जेट. वाचलेले पैसे ब्रेकवर. मोठा कार्बोरेटर पैसे टाकले की कुणालाही मिळतो. आपल्या रस्त्याला, हवेला आणि पायाला जुळलेला कार्बोरेटर मोजून, चालवून, पुन्हा उघडून मिळवावा लागतो, आणि त्या कामाला लागणारा वेळ मी गिऱ्हाइकाकडून आधीच मागून घेतो.