दोन नागपंचम्यांचे गाव

विश्वामित्रीच्या काठी वसलेल्या आमच्या बडोद्यात नागोबाच्या वाट्याला दर श्रावणात दोन पंचम्या येतात. महाराष्ट्रीय घरांत शुद्ध पंचमीस पाटावर नाग रेखाटून दिंडांचा नैवेद्य दाखवितात, चिरणे-कापणे वर्ज्य मानतात. शेजारच्या गुजराती घरी तोच मान पंधरवड्याने, वद्य पंचमीस, कुलेरच्या नैवेद्याने होतो.

या दोन सणांमधल्या पावसाळी दिवसांत आम्ही सयाजीबागेत, म्हणजे जुन्या मंडळींच्या कमाटीबागेत, आवर्जून जातो. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1879 साली आकारास आलेल्या या बागेतून विश्वामित्री वाहते. तिचे पाणी चढले की काठची बिळे बुडतात आणि पाटावरचा पाहुणा जिवंतपणी वस्तीकडे वळतो.

आपल्याकडील सर्पदंशाचे बहुतेक बळी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. पापण्या जडावतात, पुढे श्वास थांबतो. मण्यारीचा दंश तर झोपेत कळतही नाही. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. म्हणूनच रुग्णालयात स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही, तर विष भिनल्याचे निदान होते.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दंशाच्या वर चार अंगुळे बंध बांधण्यास सांगितले आहे. त्या काळी दुसरा उपाय कोणता होता? परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष मिळविले. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही ते तयार होऊ लागले. आज घट्ट बंधाने अवयवच गमवावा लागण्याचे भय अधिक. चिरणे, चोखणे हेही घातकच.

सन 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे. त्यांतील कित्येकांचा अमूल्य वेळ मांत्रिकाच्या उंबऱ्यावर गेला असेल! म्हणून वाचकहो, मुलाबाळांना एवढे अवश्य शिकवावे: दंश झालेला अवयव हलवू नये, सापाच्या मागे धावू नये, 108 क्रमांकास कळवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. महाराजांचेच नाव धारण करणारे सयाजी रुग्णालय या बागेपासून फार दूर नाही. पंचमीला चिरणे वर्ज्य. दंशाच्या जागी ते बाराही महिने वर्ज्य समजावे.